बाबासाहेब आणि देशद्रोहाचा आळ

वर्षावासात आपल्या विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालते, हे वसमतच्या उपासक-उपासिकांना सांगायला नको. आषाढी पौर्णिमेला सुरुवात होते आणि थोड्याच दिवसांत रोहिणी नदीच्या पाण्याचा प्रसंग येतो. शाक्य आणि कोलिय शेजारी, मध्ये रोहिणी, दोघांची शेती तिच्याच पाण्यावर. पाणी आधी कुणी घ्यायचे यावरून दोन्हीकडच्या गड्यांची मारामारी होते आणि शाक्यांचा सेनापती संघाच्या सभेत युद्धाचा ठराव मांडतो. सिद्धार्थ उभा राहून विरोध करतो. शाक्यांनी दोन माणसे द्यावीत, कोलियांनी दोन द्यावीत, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि तंटा मिटवावा, असे तो सुचवतो. बहुमत युद्धाच्या बाजूने जाते. तरीही सिद्धार्थ सैन्यात जायला तयार होत नाही. मग संघ त्याच्यापुढे तीन वाटा ठेवतो. सैन्यात जा, नाहीतर फाशी किंवा देशत्याग पत्कर, नाहीतर घरच्यांवर बहिष्कार आणि जमिनीची जप्ती ओढवून घे. तो देशत्याग पत्करतो, परिव्राजक होतो.

एका वर्षी हा भाग वाचून झाला आणि नववीतल्या एका पोराने हात वर केला. त्याला विचारायचे होते, की मग शाक्यांच्या लेखी सिद्धार्थ देशद्रोही ठरला का? आम्ही उत्तराची जुळवाजुळव करत होतो, तेवढ्यात त्याने दुसराही प्रश्न टाकला. वर्गातली काही मुले म्हणतात की बाबासाहेब स्वातंत्र्यलढ्यात नव्हते, ते इंग्रजांच्या बाजूचे होते. हे खरे काय? विहारात एकदम शांतता झाली. मागे बसलेले एक आजोबा त्या पोरावर जाम चिडले, विहारात असले बोलायचे नसते म्हणाले. आम्हाला मात्र पोराचे काही चुकले असे वाटले नाही. असले प्रश्न आपल्या घरात विचारले गेले नाहीत तर ते बाहेर विचारले जातात, आणि तिथे उत्तर द्यायला आपण नसतो. १९९७ साली तर अरुण शौरी यांनी याच आरोपावर इंग्रजीत एक जाडजूड पुस्तकच काढले. त्या रात्री पोराला आम्ही काहीतरी थातुरमातुर सांगितले, त्याची रुखरुख राहिली. स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला तेव्हा ठरवले, की बाबासाहेबांचे चरित्र या एकाच अंगाने मांडायचे. बाकीचे चरित्र आपल्या लेकरांनाही पाठ आहे.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेले भीमराव हे लष्करातल्या माणसाचे लेकरू. वडील रामजी सुभेदार इंग्रजांच्या फौजेत होते. पण ज्या फौजेत महारांच्या पिढ्या गेल्या, त्याच फौजेने १८९० नंतरच्या दोन-तीन वर्षांत महारांची भरती बंद करून टाकली. इंग्रज आपला वाली आहे हा भ्रम या घरात फार दिवस टिकणे शक्य नव्हते. सातारा, मुंबई, १९१२ साली बी. ए., मग सयाजीराव गायकवाडांच्या मदतीने १९१३ साली अमेरिका, कोलंबिया विद्यापीठ. तिथून लंडन. १९१७ साली बडोद्याला नोकरीवर हजर झाले तर राहायला जागा कुणी देईना, आणि ज्या पारशी धर्मशाळेत आसरा घेतला तिथून लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनी बाहेर काढले. हे सारे आपल्याला ठाऊक आहे.

कमी सांगितले जाते ते असे, की लंडनला परत जाऊन १९२२ साली त्यांनी रुपयाच्या प्रश्नावर जो प्रबंध दिला, त्यात इंग्रज सरकारच्या चलनधोरणाचीच चिरफाड होती. परीक्षकांनी तो बदल करून आणायला सांगितला, असे चरित्रकार धनंजय कीर लिहितात. १९२३ साली त्यावर डी. एस्सी. मिळाली. १९२५ साली प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचे पुस्तक आले, त्यातही इंग्रजी नोकरशाहीवर टीका आहे. ज्याला साहेबाची मर्जी सांभाळायची तो साहेबाच्या गावात बसून, साहेबाच्याच विद्यापीठात साहेबाचे वाभाडे काढणारा प्रबंध देतो का? अर्थशास्त्राची पुस्तके आपण वाचत नाही, म्हणून हा पुरावा आपल्या हाती असून वापरला जात नाही.

मग पाण्याचा प्रश्न आला. इथेही पाणीच होते. २० मार्च १९२७, महाड, चवदार तळे. मुंबईच्या कायदेमंडळाने १९२३ सालीच सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव केला होता, महाड नगरपालिकेनेही तळे खुले केले होते. कागदावर सगळे झाले होते, ओंजळ मात्र कोरडी होती. सत्याग्रहींनी पाणी घेतले आणि परतताना डोकी फोडून घेतली. २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली. २ मार्च १९३० पासून नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. त्याच महिन्यात गांधीजी मिठासाठी दांडीला चालत निघाले. एकाच महिन्यात, एकाच देशात दोन सत्याग्रह झाले. एकाला राष्ट्रीय म्हणतात, दुसऱ्याला जातीचा. हा भेद कुणी ठरवला, हे आम्हाला आजवर उमगलेले नाही.

देशद्रोहाचा आळ पहिल्यांदा जोरात आला तो १९२८ साली. सायमन कमिशनमध्ये एकही भारतीय नव्हता, म्हणून काँग्रेसने बहिष्कार टाकला होता. बाबासाहेबांनी मात्र मुंबई प्रांतिक समितीत जागा घेतली आणि पुण्याला कमिशनपुढे साक्षही दिली. वर्तमानपत्रांनी झोडपले, विधी महाविद्यालयात ते शिकवत होते तिथल्या विद्यार्थ्यांनी तासावर बहिष्कार टाकला. पण १९२९ च्या मे महिन्यात समितीचा अहवाल आला तेव्हा दिसले काय? बाकी सभासदांशी बाबासाहेबांचे पटले नव्हते आणि त्यांनी स्वतःचा वेगळा अहवाल दिला होता. त्यात वेगळ्या जातीय मतदारसंघांना विरोध होता, सिंध वेगळा करायला विरोध होता आणि प्रत्येक प्रौढ माणसाला मत द्यावे अशी मागणी होती. काल शिव्या देणाऱ्या काही पत्रांनी आज त्याच अहवालाची वाहवा केली. ज्या समितीत बसलो तिच्याशीही पटले नाही तर वेगळे लिहायचे, ही खोड त्यांना जन्मभर पुरली.

१९३० च्या ऑगस्टमध्ये नागपूरच्या परिषदेत त्यांनी स्वराज्याची बाजू घेतली. नोव्हेंबरमध्ये लंडनला पहिल्या गोलमेज परिषदेत, इंग्रज मंत्र्यांच्या तोंडावर, त्यांनी सांगितले की तुमच्या दीडशे वर्षांच्या राज्यात आमच्या लोकांना विहीर खुली झाली नाही, देवळाचे दार उघडले नाही, पोलिसात प्रवेश मिळाला नाही. आम्हाला लोकांचे राज्य पाहिजे. या भाषणानंतर देशातल्या विरोधकांनाही मान्य करावे लागले की हा माणूस सरकारचा नाही.

१४ ऑगस्ट १९३१ रोजी मुंबईच्या मणिभवनात गांधीजींची आणि त्यांची पहिली भेट झाली. गंमत अशी की गांधीजींना त्या वेळी बाबासाहेब हे अस्पृश्यांसाठी झटणारे कुणी ब्राह्मण गृहस्थ वाटत होते. महादेवभाई देसाईंच्या रोजनिशीवरून तसे दिसते. काँग्रेसने अस्पृश्यांसाठी किती रुपये खर्चले, याचा हिशेब गांधीजींनी सांगितला. बाबासाहेबांनी सांगितले की काँग्रेसचा सभासद व्हायला खादीची अट घालता, तशी घरात अस्पृश्यता न पाळण्याची अट का घालत नाही? आणि मग ते बोलले ते आपण सगळे जाणतो. आपल्याला मातृभूमीच नाही, असे ते म्हणाले. जिथे कुत्र्यामांजरापेक्षा हीन वागणूक मिळते, जिथे प्यायला पाणी मिळत नाही, त्या भूमीला आपली भूमी कोणत्या तोंडाने म्हणायचे, असा त्यांचा सवाल होता. गांधीजींनी उलट सांगितले, की गोलमेजच्या वृत्तांतावरून तुम्ही अस्सल देशभक्त आहात हे मला कळले आहे.

लोक या भेटीतले अर्धेच सांगतात. कुणी मातृभूमी नाही एवढेच धरून बसतात आणि त्यांना देशद्रोही ठरवतात, कुणी गांधीजींनी दिलेला दाखला तेवढा पुढे करतात. आमचे म्हणणे असे, की ज्याला देश नकोच आहे तो देश नसल्याची तक्रार करीत नाही. घरातून हाकललेले लेकरू दारावर धडका मारते ते घर जाळायला नव्हे.

पुढे १९३२ च्या ऑगस्टमध्ये स्वतंत्र मतदारसंघ मिळाले, २० सप्टेंबरला येरवड्यात गांधीजींचे उपोषण सुरू झाले, २४ सप्टेंबरला पुणे करार झाला आणि स्वतंत्र मतदारसंघ सोडून १४८ राखीव जागा घ्याव्या लागल्या. त्या चार-पाच दिवसांत साऱ्या देशात त्यांच्याइतका शिव्याशाप खाल्लेला माणूस दुसरा नसेल. सही केली ती एका माणसाचा जीव आणि खेड्यापाड्यातल्या आपल्या लोकांचा जीव, दोन्ही डोळ्यांपुढे ठेवून. त्या कराराचे दुःख त्यांनी पुढे कधी लपवलेही नाही.

१९३७ साली मुंबई प्रांतात काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले आणि बाबासाहेब स्वतंत्र मजूर पक्षाचे आमदार म्हणून समोर बसले. आता राज्य आपल्या लोकांचे होते. तरी विरोध थांबला नाही. खोती नष्ट करण्याचे विधेयक त्यांनी मांडले, १९३८ च्या जानेवारीत शेतकऱ्यांचा मोर्चा कौन्सिलवर नेला आणि संपाला गुन्हा ठरवू पाहणाऱ्या विधेयकाविरुद्ध ७ नोव्हेंबर १९३८ रोजी कम्युनिस्टांच्या खांद्याला खांदा लावून मुंबईत संप केला. कर्नाटकाचा प्रांत वेगळा काढण्याची चर्चा निघाली तेव्हा याच सभागृहात त्यांनी सांगितले होते, की माणसाने आधीही भारतीय असावे आणि शेवटीही भारतीयच असावे, मध्ये दुसरे काही येऊ नये.

आणि तरी १९३९ च्या ऑक्टोबरमध्ये, युद्धाच्या ठरावावर बोलताना, ते जे बोलले त्याने आजही लोक चमकतात. स्वतःचे हित आणि देशाचे हित यांत ओढाताण झाली तर आपण देशाला आधी मान देऊ, असे ते म्हणाले. पण देश आणि अस्पृश्य समाज यांत ओढाताण झाली तर अस्पृश्य समाजाला आधी मान देऊ. टीकाकार हेच वाक्य धरतात. आमच्यातलेही काहीजण ते टाळून पुढे जातात. आम्हाला टाळावेसे वाटत नाही. सभागृहात बहुमत ज्यांचे, ते आपल्या सोयीला देशाचे हित म्हणत होते. गावकी जशी आपल्या सोयीला गावाची रीत म्हणते, तसेच. गावाच्या रीतीने ज्याला मेलेले ढोर ओढावे लागते, त्याने गावाचे हित कुणाला म्हणावे? देश म्हणजे त्यात राहणारी सगळी माणसे, असे ज्या दिवशी होईल त्या दिवशी ही ओढाताणच उरणार नाही. ती उरू नये म्हणूनच तर पुढची सगळी खटपट होती.

१९४२ साल हे या आळाचे सर्वांत मोठे भांडवल. जुलैमध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले आणि ऑगस्टमध्ये चले जाव सुरू झाले. त्यांनी त्या आंदोलनाला उघड विरोध केला. हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. जपान ब्रह्मदेशापर्यंत येऊन ठेपला होता, युरोपात हिटलर होता. नाझी जिंकले तर जगातल्या कुठल्याच दुबळ्या माणसाला स्वातंत्र्य उरणार नाही, असे त्यांचे मत होते. हे मत कुणाला पटो न पटो. तुरुंगात गेलेल्यांचा त्याग खराच होता. पण सरकारात बसून बाबासाहेबांनी काय केले तेही पाहा. महारांची बंद पडलेली भरती त्यांच्या मागणीमुळे सुरू होऊन १९४१ च्या ऑक्टोबरमध्ये बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली होती. पुढे १९४६ च्या कायद्याने कारखान्यातल्या कामगाराचा आठवडा ५४ तासांचा ४८ तासांवर आला. रोजगार विनिमय केंद्रे आणि दामोदर खोऱ्याची योजना यांचा पाया याच काळात घातला गेला. स्वतंत्र भारत यातल्या एकाही गोष्टीला परकी म्हणत नाही.

आता आपल्या भागाकडे वळू. वसमत आज हिंगोली जिल्ह्यात आहे, १ मे १९९९ पूर्वी परभणीत होते आणि १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात. म्हणजे १५ ऑगस्ट १९४७ ला दिल्लीत झेंडा फडकला तेव्हा आपले गाव स्वतंत्र भारतात नव्हतेच. आपल्या समाजाची गोष्ट इथे फारच अवघड होऊन बसली होती. निजामाच्या राज्यात बाबासाहेबांचे नाव घेणारे कार्यकर्ते होते, ३० डिसेंबर १९३८ ला कन्नडजवळ मकरणपूरला भाऊसाहेब मोरे यांच्या खटपटीने बाबासाहेबांची परिषदही झाली होती. दुसरीकडे बी. एस. व्यंकटराव, ज्यांना लोक हैदराबादचे आंबेडकर म्हणत, ते निजामाच्या सरकारात मंत्री झाले. बी. श्यामसुंदरही निजामाच्या बाजूला उभे राहिले. त्यांचाही विचार अगदीच खोटा नव्हता. सवर्ण हिंदूंच्या हाती सत्ता गेली तर आपले काय, ही भीती पोकळ होती असे कोण म्हणेल?

अशा वेळी बाबासाहेबांना ज्यांनी आयुष्यभर देशद्रोही म्हटले, त्यांना खरे ठरवायची सोन्यासारखी संधी होती. काँग्रेसशी भांडण जुने, पुणे कराराची सल ताजी. निजामाकडे पैसा होता, सत्ता होती. बाबासाहेबांनी काय केले? १९४७ च्या जूनमध्ये त्रावणकोर आणि हैदराबाद यांनी आपण स्वतंत्र राहणार असे जाहीर केले, तेव्हा १७ जूनला त्यांनी कायद्याचा आधार देऊन पत्रक काढले. इंग्रज गेले म्हणून संस्थाने सार्वभौम होत नाहीत, त्यांनी भारतात यावे हेच कायद्याचे आणि शहाणपणाचे, असे त्यात मांडले. त्या वेळी ते स्वतंत्र भारताचे मंत्री झालेलेही नव्हते. मंत्री झाल्यावर, १९४७ च्या नोव्हेंबरमध्ये, त्यांनी हैदराबादच्या अस्पृश्यांना जाहीर सांगितले, की सवर्ण हिंदूंवर राग आहे म्हणून निजामाची बाजू घेऊ नका, भारताच्या वैऱ्याला साथ देऊन समाजाला काळिमा लावू नका. जे पाकिस्तानात अडकलेत त्यांनी मिळेल त्या वाटेने भारतात यावे.

मणिभवनात आपल्याला मातृभूमी नाही असे सांगणारा हाच माणूस. आमच्या जुन्या माणसांनी रझाकारांचे दिवस पाहिले. निजामाशी लढताना हुतात्मा झालेल्या बहिर्जींचे नाव आपल्या गावच्या महाविद्यालयाला आहे, ते योग्यच आहे. पण दिल्लीहून आलेला तो एक सल्ला, ज्याने आपल्या हजारो गरीब माणसांना कोणत्या बाजूला उभे राहायचे ते सांगितले, त्याचा उल्लेख मुक्तिसंग्रामाच्या भाषणात सहसा ऐकू येत नाही. १३ सप्टेंबर १९४८ ला फौजा आल्या, १७ ला निजाम शरण आला.

भारत झाला, पण भारतात मतभेदाला जागा किती ठेवायची? घटनेच्या मसुद्यात भाषणस्वातंत्र्यावर बंधन घालण्याच्या कारणांमध्ये राजद्रोह हा शब्द आधी होता. १९४८ च्या डिसेंबरमध्ये घटना समितीत चर्चा झाली आणि कन्हैयालाल मुन्शी यांच्या दुरुस्तीने तो शब्द गेला. मसुदा समितीचे अध्यक्ष बाबासाहेब होते. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात त्यांनी दोन गोष्टी एकत्र सांगितल्या. सनदशीर मार्ग खुले झाल्यावर कायदेभंगाची वाट सोडावी, ही एक. आणि राजकारणात कुणाची भक्ती करू नये, त्या वाटेने हुकूमशाही येते, ही दुसरी. महाडचा आणि नाशिकचा सत्याग्रही हे बोलत होता, म्हणून पहिल्या गोष्टीला वजन आहे. दुसरी गोष्ट आपण जयंतीच्या मिरवणुकीत जरा विसरतो. बुद्धांच्या भिक्खू संघात ठराव, मतदान आणि सभेचे नियम होते, हेही त्यांनी त्याच भाषणात सांगितले.

इथे एक अडचणीची गोष्ट. १९५१ च्या मे महिन्यात पहिली घटनादुरुस्ती आली आणि भाषणस्वातंत्र्यावरची बंधने वाढली. कायदामंत्री म्हणून बाबासाहेबांनी तिची बाजू लोकसभागृहाच्या जागी असलेल्या हंगामी संसदेत मांडली. आम्हाला ती बाजू पटत नाही. बाबासाहेबांचे अनुयायी म्हणवून घेत असतानाही तसे लिहिता येते, एवढे त्यांनीच आम्हाला शिकवले आहे.

त्याच १९५१ सालच्या १ सप्टेंबरला औरंगाबादला त्यांच्या महाविद्यालयाच्या इमारतीची कोनशिला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते बसली. वर्ग १९५० पासूनच सुरू झाले होते. त्याचे नाव पुढे मिलिंद ठेवले. मिलिंद म्हणजे तो ग्रीक राजा, ज्याने भिक्खू नागसेनाला प्रश्न विचारून विचारून हैराण केले. निजामाच्या राज्यात अडाणी ठेवलेल्या मराठवाड्याच्या लेकरांसाठी कॉलेज काढले, आणि नाव दिले प्रश्न विचारणाऱ्याचे, उत्तर देणाऱ्याचे नव्हे. आपल्या भागातले कितीतरी जण तिथे शिकून माणसात आले. याच मराठवाड्यात पुढे विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव मागितले म्हणून १९७८ साली आपल्या वस्त्या जळाल्या, आणि १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार व्हायला सोळा वर्षे गेली. नाव मागणारे तेव्हाही मराठवाडाद्रोही ठरले होते. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

कोनशिला बसून महिना उलटायच्या आत, २७ सप्टेंबर १९५१ ला, बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. हिंदू कोड बिल रखडवले गेले, चार कलमे कशीबशी मंजूर झाली आणि बाकी गुंडाळून ठेवले. पण कारण तेवढेच नव्हते. अनुसूचित जातींची उपेक्षा होतीच. शिवाय काश्मीर आणि परराष्ट्र धोरण यांवर त्यांचा सरकारशी मतभेद होता. ३५० कोटींच्या महसुलातले १८० कोटी लष्करावर जातात, कारण आपल्याला जगात मित्र उरला नाही, असा त्यांचा हिशेब होता. १० ऑक्टोबरला ते निवेदन वाचायला सभागृहात उभे राहिले. उपसभापतींनी वेळ बदलली आणि आधी निवेदनाची प्रत द्या म्हणून सांगितले. ज्याने घटनेचा मसुदा केला त्याच्या भाषणाची प्रत आधी तपासायची! बाबासाहेब कागद गोळा करून सभागृहाबाहेर पडले आणि ते निवेदन वर्तमानपत्रांना दिले.

खुर्ची सोडली, पण देश सोडला नाही आणि बोलणेही सोडले नाही. १९५२ च्या निवडणुकीत मुंबईतून काँग्रेसच्या नारायण काजरोळकरांकडून हरले. १९५४ ला भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीतही हरले. राज्यसभेत मात्र ते होते, आणि तिथे एकदा तर, १९५३ साली, ही घटना जाळायला मीच पहिला पुढे येईन असेही त्यांनी रागाने सांगून टाकले. दोन वर्षांनी खुलासा केला, की देवासाठी देऊळ बांधले आणि त्यात दैत्य येऊन बसला तर देऊळ पाडण्यावाचून काय उरते? घटनेची पोथी करून पूजा करणाऱ्यांना हा प्रसंग अडचणीचा वाटतो, आम्हाला तो बाबासाहेबांना शोभणारा वाटतो.

उरली धर्मांतराची गोष्ट. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्याला घोषणा झाली आणि मग एकवीस वर्षे विचार चालला. त्या काळात साऱ्या धर्मांची माणसे त्यांच्या दारात येऊन गेली. १३ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात पत्रकारांना त्यांनी सांगितले, की देशाला कमीत कमी धक्का लागेल असाच मार्ग निवडीन, असे आपण पूर्वी गांधीजींना सांगितले होते, आणि बौद्ध धम्म हा याच भूमीच्या संस्कृतीचा भाग आहे. दुसऱ्या दिवशी दीक्षाभूमीवर लाखो लोकांनी धम्म घेतला. हिंदू धर्मावरचा त्यांचा राग तसूभर कमी झाला नव्हता. पण त्या रागाचा हिशेब देशाच्या नावावर त्यांनी मांडला नाही.

'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे काम त्या वर्षांत चालू होते. सिद्धार्थाने घर का सोडले, याची म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहिल्याची गोष्ट त्यांना पटत नव्हती. तिच्या जागी त्यांनी शाक्य संघाची सभा ठेवली, सेनापतीचा ठराव ठेवला, एकट्या माणसाचा विरोध ठेवला. आम्हाला राहून राहून वाटते, ही पाने लिहिणाऱ्याने असली सभा आपल्या डोळ्यांनी पाहिली होती. ५ डिसेंबर १९५६ च्या रात्रीही ग्रंथाच्या प्रस्तावनेचे कागद त्यांच्या हाताशी होते. ६ डिसेंबरच्या सकाळी ते गेलेले दिसले. ग्रंथ १९५७ साली निघाला.

त्यात पुढे असे येते, की सिद्धार्थ राजगृहाला असताना पाच परिव्राजक त्याला भेटून बातमी देतात. तो गेल्यावर शाक्यांमध्येच युद्धाविरुद्ध चळवळ झाली, मोर्चे निघाले, आणि शाक्य-कोलियांनी पाण्याचा तंटा लवादाने मिटवायचे ठरवले. म्हणजे त्याने सभेत जे सुचवले होते तेच. आता त्याने परत यावे, असे ते म्हणतात. तो परत जात नाही, त्याच्यापुढे आता मोठा प्रश्न उभा असतो.

त्या नववीतल्या पोराला हे पान आम्ही त्या रात्री दाखवायला हवे होते. तो आता कामाला पुण्याला असतो. हा लेख छापून आला की त्याच्या घरी स्मरणिकेची एक प्रत द्यायची, असे ठरवले आहे.